लढाईवर गेलेल्या आजोबा-पणजोबांचा माग कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पणजोबा लढाईला गेले होते" यापलीकडे घरात कुणालाच काही ठाऊक नाही. सुरुवात कुठून करू?

घरातूनच. इंटरनेटवर नाव टाकण्याआधी आणि कुठल्याही कार्यालयाला पत्र लिहिण्याआधी घरातल्या जुन्या ट्रंका, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या आणि देव्हाऱ्याखालचे डबे उघडा. शोधायची मुख्य गोष्ट एकच: शिपाई नंबर. ब्रिटिशकालीन हिंदी (म्हणजे भारतीय) लष्करात माणूस नंबर आणि पलटणीवरून ओळखला जायचा, नाव तिसरं. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-चार शिपाई असायचे, त्यामुळे नुसतं नाव घेऊन निघालात तर दुसऱ्याच कुणाच्या तरी पणजोबांपाशी पोहोचाल.

नंबर कुठे कुठे सापडतो? पदकाच्या कडेवर, डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे सेवामुक्तीच्या पुस्तकाच्या, पहिल्या पानावर, पेन्शनच्या कागदावर, मनिऑर्डरच्या पावतीवर, जुन्या पाकिटावरच्या पत्त्यात, कधी गणवेशातल्या फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेला.

कागद सापडले नाहीत तर माणसांना विचारा, पण नेमके प्रश्न विचारा. "ते कुठे लढले?" याला "लांब कुठेतरी" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: पत्र कुठून यायचं? भरती कुठल्या गावी झाली? सोबत भावकीतलं आणखी कोण गेलं होतं? पेन्शन आणायला आज्जी कुठे जायची, पोस्टात की तालुक्याच्या ट्रेझरीत? एकाच गावातली पोरं बहुधा एकाच पलटणीत भरती व्हायची, त्यामुळे शेजारच्या घरातलं पदकही तुम्हाला तुमच्या पणजोबांची पलटण सांगू शकतं.

एक गोष्ट फार जण विसरतात. शिपाई तरुणपणी वारला असेल तर कागदपत्रं पेन्शनबरोबर, म्हणजे बायकोबरोबर गेली. ती माहेरी परतली असेल तर तिच्या भावाच्या घरी चौकशी करा. तुमच्या घरात वर्षानुवर्षं न सापडलेलं डिस्चार्ज बुक पणजीच्या माहेरच्या पेटीत असण्याची शक्यता बरीच असते.

पदक सापडलं आहे. त्यावरची अक्षरं कशी वाचायची?

आधी एक विनंती: पदक घासूनपुसून चकाचक करू नका. अक्षरं उथळ असतात, पितांबरीने दोनदा घासलं की कायमची जातात. पदक उन्हात तिरपं धरा आणि कडेचा मोबाइलने जवळून फोटो काढा.

पहिल्या महायुद्धाची दोन पदकं जास्त सापडतात. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचं, इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडल. मजूर आणि इतर नोकरवर्गाला वॉर मेडल ब्राँझमध्ये दिलं गेलं. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांतच जे रणभूमीवर पोहोचले, त्यांना वर एक ब्राँझचा तारा. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. चांदीचं पदक कित्येक घरांत अडीअडचणीला सोनाराकडे गेलं आणि ब्राँझचं तेवढं राहिलं. तरी हरकत नाही, मजकूर दोन्हींवर तोच असतो.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे. बर्मा स्टार, इटली स्टार, आफ्रिका स्टार अशी नावं त्यावरच कोरलेली असल्यामुळे माणूस कुठे होता हे लगेच कळतं. ब्रिटिश शिपायांना हे तारे नाव न घालता दिले, पण हिंदी शिपायांना दिलेल्या ताऱ्यांच्या पाठीवर नाव आणि नंबर ठोकलेला असतो. अक्षरं बारीक, यंत्राने ठोकलेली. बाजारात मिळणाऱ्या नकली ताऱ्याची पाठ बहुतेक कोरी असते.

हुद्दे इंग्रजी लघुरूपात असतात. 'सेप' म्हणजे सिपाही, 'एनके' नाईक, 'हॅव' हवालदार, 'एसपीआर' म्हणजे सॅपर (पूल, रस्ते, सुरुंगांचं काम करणारा शिपाई), 'एफएलडब्ल्यूआर' म्हणजे फॉलोअर (पलटणीसोबतचा नोकरवर्ग). 'डीव्हीआर' म्हणजे ड्रायव्हर, पण पहिल्या महायुद्धात हा बहुतेक वेळा मोटारीचा नव्हे, खेचरांचा किंवा गाड्याचा ड्रायव्हर. आणि 'जमादार' असेल तर तो आजच्या नायब सुभेदाराच्या जागचा अधिकारी. हुद्द्याचं हे नाव १९६५ मध्ये बदललं. पणजोबा जमादार होते म्हणजे मुकादम असतील असं समजून गप्प बसलेली घरं आहेत.

पदकावर '११०' आणि 'मराठाज' आहे. अशी पलटण आज दिसत नाही. ती कुठे गेली?

आहे, फक्त नंबर बदलला. १९२२ साली सगळ्या हिंदी पलटणींची फेररचना झाली आणि मराठ्यांच्या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. १०३ क्रमांकाची झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ झाली दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन. कागदावर '३/५' दिसलं तर ते तीन-पंचमांश नव्हे, पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री हीच, रेजिमेंटल सेंटर बेळगावला.

'३ एस अँड एम' किंवा 'बॉम्बे एस अँड एम' असेल तर ते बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, खडकी. ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या नव्ह-शापेल गावावर जो हल्ला झाला, त्यात यांच्याच २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. '१११ महार्स' ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात नव्याने उभारली, तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. त्यामुळे "पणजोबा पहिल्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होते" असं घरी म्हणत असतील तर ते बहुधा १११ बद्दल बोलत आहेत.

नंबर प्रत्येक पलटणीचा वेगळा होता, हे लक्षात ठेवा. २३४१ हा आकडा १०५ मध्येही असेल आणि ११७ मध्येही. पलटणीशिवाय नंबराला अर्थ नाही.

पदक नाही, कागद नाही. फक्त "बसऱ्याला होते" असं आठवतं. यावरून पलटण काढता येईल?

नेमकी पलटण नाही, पण वर्तुळ लहान होतं. बसरा, अमारा, कूत, बगदाद ही नावं घरात टिकली असतील तर पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची आघाडी. मराठी शिपायांचा मोठा वाटा तिथेच गेला. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत.

लिबियातलं तोब्रुक म्हटलं तर दुसरं महायुद्ध. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा दुसरी मराठा बटालियन तिथे होती. केरेन म्हटलं तर १९४१, इरिट्रिया, तिसरी बटालियन. इटली म्हटलं तर पहिली, तिसरी किंवा पाचवी. इंफाळच्या बाजूचं सांगशाक म्हटलं तर मार्च १९४४, चौथी. मात्र "बर्मा" एवढंच असेल तर मग काहीही असू शकतं. तिथे कोण नव्हतं?

जुनं पाकीट मिळालं तर शिक्का बघा. 'एफपीओ' म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, त्यापुढचा आकडा उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धातल्या पत्त्यात 'आयईएफ' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी पाठवलेली हिंदी फौज) आणि पुढे एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे फ्रान्स, 'बी' आणि 'सी' पूर्व आफ्रिका, 'डी' मेसोपोटेमिया, 'ई' आणि 'एफ' इजिप्त, 'जी' तुर्कस्तानातलं गॅलिपोली. एका अक्षरावरून आघाडी कळते.

लढाईत गेले, परत आलेच नाहीत. नोंद कुठे असेल?

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत, म्हणजे सगळे ज्याला 'सीडब्ल्यूजीसी' म्हणतात तिथे. १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत आणि त्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात येतात. म्हणजे लढाई संपल्यावर, सेवेत असताना, जखमांनी किंवा आजाराने गेलेलेही. १९१८-१९ च्या साथीत छावणीत वारलेल्या शिपायांना पुष्कळ घरांनी "लढाईत गेला नाही, तापाने गेला" म्हणून बाजूला ठेवलं आहे. त्यांची नावंही शोधून बघा.

नाव टाकून शोधू नका, निदान नुसतं नाव टाकून तरी नाही. 'सैन्य: हिंदी' निवडा, युद्ध निवडा, पलटण निवडा आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात जिल्हा किंवा तालुका टाका. हिंदी शिपायाच्या नोंदीत "अमुक यांचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, रत्नागिरी" असा मजकूर पुष्कळदा असतो, आणि गावाचं नाव माणसाच्या नावापेक्षा बरं टिकलेलं असतं.

आता जरा कडू भाग. बसरा स्मारकावर मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,००० हून अधिक जणांची आठवण आहे, पण दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची तेवढी नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. त्यांची नावं वह्यांत राहिली. २०२१ मध्ये आयोगाच्याच समितीने अहवाल दिला की पहिल्या युद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांच्या बाबतीत अशी असमान वागणूक झाली, त्यात हिंदी शिपाई मोठ्या संख्येने. शिवाय निदान १,१६,००० जणांची, त्यातले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे, नावानिशी दखलच घेतली गेली नव्हती. वह्यांतली हिंदी नावं आता संगणकावर आहेत. म्हणून "बसऱ्याच्या भिंतीच्या फोटोत नाव दिसत नाही" म्हणून निराश होऊ नका, यादीत बघा. ही भिंतही मूळ जागी नाही. १९९७ मध्ये ती बसऱ्याच्या गोदीतून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर उभी केली.

इंडिया गेटवर नाव असेल का, असं लोक हमखास विचारतात. तिथे ७४,००० हून अधिक मृतांची आठवण आहे, पण कोरलेली नावं १३,००० च्या थोडी वर. नसण्याचीच शक्यता जास्त.

मग कबर कुठे आहे? जाऊन नमस्कार करता येईल?

हिंदू आणि शीख शिपायांना शक्य तिथे अग्नी दिला जायचा, त्यामुळे स्वतंत्र कबर असतेच असं नाही. त्यांच्यासाठी वेगळी दहनस्मारकं आहेत. कोहिमाच्या दहनस्मारकावर ९१७ नावं, इंफाळच्या ८६८. इटलीत सांग्रो नदीकाठी असंच एक स्मारक आहे. शरीरच सापडलं नाही अशांची नावं मोठ्या स्मारकांवर: फ्रान्समध्ये नव्ह-शापेलला सुमारे ४,७०० हिंदी शिपाई आणि मजूर, म्यानमारमध्ये टाउक्यानच्या रंगून स्मारकावर राष्ट्रकुलाची मिळून जवळपास २७,०००, सिंगापूरला क्रांजी इथे २४,००० च्या वर.

पुण्यात खडकीला युद्धस्मशान आहे म्हणून तिथे पहिल्या महायुद्धातली कबर शोधत लोक फिरतात. तिथल्या कबरी दुसऱ्या युद्धातल्या. पहिल्या युद्धातल्यांसाठी तिथे नावांचं स्मारक आहे, आणि तेही ज्यांच्या मूळ कबरी हिंदुस्थानातच इतरत्र होत्या त्यांचं.

जायचं असेल तर यादीतला पॅनेल क्रमांक किंवा कबरीचा क्रमांक आधी लिहून घ्या. रंगूनच्या खांबांवर तो नसेल तर दिवसभर मान वर करून उभं राहावं लागेल.

नाव सापडतच नाही. कितीतरी प्रकारे टाकून बघितलं.

भरतीच्या टेबलावर गोरा साहेब किंवा कुठला तरी बाबू ऐकेल तसं लिहायचा. जाधवाचा 'जाडो' किंवा 'जादव', पवारांचा 'पोवार', शिर्क्यांचा 'सिरके', चव्हाणांचा 'चोवान', तुकारामाचा 'टूकाराम'. पहिल्या महायुद्धात तर अनेकदा आडनाव गायबच: नुसतं 'राम', 'गणू' किंवा 'बाबाजी', आणि वडलांचं नाव वेगळ्या रकान्यात. काही जणांनी वय, जात किंवा घरचं नावही बदलून सांगितलेलं असायचं, कारण घरून पळून भरती झालेली पोरं कमी नव्हती आणि ठरावीक पलटणीत ठरावीक जातीच घेतल्या जायच्या.

जिल्हे त्या काळचे टाका. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. रायगड म्हणजे कुलाबा. सांगलीकडची गावं बहुधा साताऱ्यात सापडतील. लातूरचं गाव उस्मानाबादेत, आणि मराठवाडा अख्खा निजामाच्या हैदराबादेत. सावंतवाडी, कोल्हापूर, भोर, फलटण, औंध, जत, जंजिरा ही संस्थानं होती, त्यांचं नाव जिल्ह्याच्या जागी असू शकतं.

परत आले आणि घरी वारले. त्यांची यादी कुठे आहे?

तशी यादी नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडखळतात: जे मेले त्यांचं नाव दोन मिनिटांत सापडतं, जे जिवंत परतले त्यांच्यासाठी कागद धुंडाळावे लागतात. पहिल्या महायुद्धात १३ लाखांवर, दुसऱ्यात सुमारे २५ लाख माणसं हिंदी लष्करात होती. त्यातली बहुसंख्य परत आली.

पंजाबात गावोगावच्या भरतीची रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात टिकली आणि त्यातली सुमारे ३,२०,००० माणसं २०२१ पासून संगणकावर येऊ लागली. ती बातमी वाचून पुष्कळ जण तिथे कोकणातली नावं शोधतात. ती पंजाबचीच आहेत.

आपल्याला जायचं आहे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, सॅपर्स असतील तर खडकी, महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड, सर्व्हिस कोर आणि पायोनिअर बंगळुरू, सिग्नल्स जबलपूर. पेन्शन न मिळणाऱ्या शिपायाची सेवा-कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम होता, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच घरी पाठवलेल्या लाखो जणांची फाइल मिळणार नाही. पण 'लाँग रोल' नावाचं रजिस्टर जपलेलं असतं. त्यात एका ओळीत नंबर, नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख मिळते. म्हणून पत्रात "फाइल द्या" असं न लिहिता "फाइल नष्ट झाली असल्यास लाँग रोलमधली नोंद कळवावी" हे वाक्य आवर्जून घाला. या एका वाक्याने उत्तर बदलतं.

पत्र एका पानाचं असावं. नंबर, हुद्दा, नाव (संभाव्य स्पेलिंगांसकट), वडलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा त्या काळचा आणि आजचा, पलटण, अंदाजे वर्षं, तुमचं नातं. पदकाच्या कडेचा फोटो आणि नात्याचा पुरावा जोडा. घराण्याचा पूर्ण इतिहास लिहू नका, तो कारकून वाचत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर?

करता येतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण आधी साधं पत्र पाठवा. अर्जाला "नोंद उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर देऊन फाइल बंद करणं सोपं असतं. साध्या पत्राला कधीकधी कुणी माजी सुभेदार आस्थेने उत्तर देतो. महिना-दोन महिने वाट बघून मग अर्ज करा.

आज्जीला पेन्शन मिळायची. त्याचा उपयोग?

खूप. पेन्शन होती म्हणजे फाइल टिकली असण्याची शक्यता आहे. पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, तिचा नंबर बँकेच्या जुन्या पासबुकावर बघा. लष्कराच्या पेन्शनचा हिशेब अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या कार्यालयातून चालतो.

पेन्शन नसली तरी आणखी एक दार आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन न मिळणाऱ्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन दरमहा अनुदान देत आलं आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करावा लागायचा आणि अर्जाला डिस्चार्जचा पुरावा लागायचा. घरातलं पुस्तक हरवलं असलं तरी त्याची प्रत तिथल्या फाइलीत असू शकते.

आणि पुस्तक मिळालंच तर शेवटची पानंही वाचा. वर्तणुकीचा शेरा, पदकं, वारसाचं नाव, आणि 'ओळखीच्या खुणा'. उजव्या भुवईवर व्रण, डाव्या दंडावर गोंदण, उंची पाच फूट साडेचार इंच. ज्यांचा एकही फोटो नाही अशा माणसाचं कागदावर उरलेलं वर्णन तेवढंच.

ते पलटणीत नव्हते, स्वयंपाकी होते. मोजतात का?

मोजतात. भिस्ती, लांगरी, खेचरवाले, डोलीवाले, मजूर हे सगळे फॉलोअर म्हणून नोंदलेले असायचे, त्यांना पदकं मिळाली आणि मेले तर आयोगाच्या यादीतही ते आहेत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला तुरुंगातून मजुरांच्या तुकड्याही नेल्या होत्या. अशा आजोबांबद्दल घरात कुणी फारसं का बोलत नाही, याचं उत्तर कधीकधी तिथे असतं.

कोकणातल्यांनी खलाशांकडे खास लक्ष द्यावं. बुडालेल्या जहाजांवरचे हजारो खलाशी हिंदी होते. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी गृहात पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या युद्धातल्या ६,००० हून अधिक नाविक-खलाशांची नामावली तिथे आणि चितगावला ठेवलेली आहे. इथे पलटणीच्या जागी जहाजाचं नाव लागतं.

कैदी झाले होते म्हणे. त्याची नोंद?

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे, जिनिव्हाला. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या संकेतस्थळावर बघता येतात. दुसऱ्या युद्धासाठी विनंती पाठवावी लागते आणि त्या ठरावीक काळातच स्वीकारतात.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या बऱ्याच हिंदी शिपायांना बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फच्या छावणीत ठेवलं होतं. तिथे भाषातज्ज्ञांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले, ते आजही बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात आहेत. कूतला शरण गेलेल्यांचं नशीब फार वाईट होतं, वाळवंटातून चालवत नेताना आणि तुर्की छावण्यांत पुष्कळ मेले. तोब्रुकचे कैदी इटलीत गेले, आव्हेत्झानोला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती.

सिंगापूरला पकडले गेले आणि पुढे आझाद हिंद सेनेत गेले असं ऐकलं आहे.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर तिथल्या हिंदी कैद्यांतले हजारो जण आझाद हिंद सेनेत गेले, हजारो गेले नाहीत. दोघांचे कागद वेगळीकडे आहेत. न गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला नेलं, तिथले मृत आयोगाच्या यादीत सापडतात. सेनेत गेलेल्यांची युद्धानंतर चौकशी होऊन 'व्हाइट', 'ग्रे', 'ब्लॅक' असे गट पडले आणि पुष्कळांना पगाराची थकबाकी न देता घरी पाठवलं. त्यामुळे डिस्चार्ज बुकात बडतर्फीचा शेरा दिसला तर लगेच चोरीमारीचा संशय घेऊ नका, तारीख बघा. १९४६ असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली आझाद हिंदची कागदपत्रं तपासा. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी कुणी अर्ज केला होता का, हेही घरात विचारा.

लंडनला सगळं मिळतं म्हणतात. खरं आहे?

अर्धं. ब्रिटिश लायब्ररीत हिंदी लष्कराचे गोरे अधिकारी सविस्तर सापडतात, साध्या हिंदी शिपायाची सेवापुस्तकं तिथे नाहीत. पण लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धरोजनिश्या आहेत. पहिल्या युद्धाच्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत, दुसऱ्याच्या मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०, बर्म्यासाठी १७२. पहिल्या युद्धाच्या बऱ्याच रोजनिश्या घरबसल्या उतरवून घेता येतात. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागारही आपल्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर पुष्कळ टाकतं, आधी तिथे बघा.

रोजनिशीत आजोबांचं नाव शोधू नका. तिथे "दोन आयओआर जखमी" असं असतं, म्हणजे इंडियन अदर रँक्स. पण तुम्हाला मृत्यूची तारीख माहीत असेल तर त्या दिवशी पलटण कुठल्या नाल्याकाठी होती, पाऊस होता का, रसद पोहोचली का, हे सगळं कळतं. माझ्या मते संपूर्ण शोधातली सगळ्यात मोलाची पानं हीच.

ब्रिटिश लायब्ररीत आणखी एक खजिना आहे: १९१४ ते १९१८ मध्ये फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रांमधले सेन्सॉरने काढलेले उतारे, इंग्रजी तर्जुम्यात. तुमच्या पणजोबांचं पत्र मिळण्याची आशा धरू नका, पण ते काय काय लिहू शकत होते याचा अंदाज येतो.

गावात काही सापडेल का?

शाळेची किंवा चावडीची भिंत बघा. "या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले" अशा मजकुराची संगमरवरी पाटी अनेक गावांत आहे, कधी इंग्रजीत, कधी चुन्याखाली झाकलेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पाटीवर नावं बहुधा नसतात, पण आकडा मिळतो.

तहसीलमध्ये जन्म-मृत्यूचा जुना गाव नमुना १४ आणि वारसाचा फेरफार काढा. परदेशी मेलेल्या शिपायाच्या जमिनीवर वारस लागताना तलाठ्याने "लढाईत मयत" असं लिहिलेलं असू शकतं, वर्षासकट. जुने कागद मोडीत असतील तर मोडी वाचकाकडून फक्त नावं, तारखा आणि आकडे आधी वाचून घ्या. पूर्ण लिप्यंतराचा खर्च नंतर.

घरातली गोष्ट आणि कागद जुळत नाहीत. कुणावर विश्वास ठेवायचा?

तारखांसाठी कागदावर. बाकीच्यासाठी घाई करू नका. "आजोबा कैदेतून पळून स्वित्झर्लंडला गेले" ही थाप वाटते, पण मे १९४४ मध्ये फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर बाँब पडल्यावर सुमारे ५०० हिंदी कैदी खरोखर सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला पोहोचले होते.

उलट "आजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता" हे पाच मिनिटांत तपासता येतं, कारण ती यादी छोटी आणि पूर्ण आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दोनच: माणगावच्या बाजूचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत तिबर खोऱ्यात, मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. घाडग्यांचीही कबर सापडलेली नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. घरातलं 'व्हीसी' बहुतेक वेळा व्हिक्टरी मेडल निघतं.

कागदात पळून गेल्याचा किंवा शिक्षेचा शेराही निघू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळू नये, एवढं पथ्य पाळा.

एकाने फोन करून सांगितलं की पणजोबांची लाखोंची थकबाकी लंडनमध्ये पडून आहे, फी भरा.

फोन ठेवा. कौटुंबिक पेन्शन पत्नीला आणि नियमात बसणाऱ्या अवलंबितांना मिळते, पणतवंडांना नाही.

सगळं सापडलं, पण आयोगाच्या यादीत गावाचं नाव चुकलं आहे. दुरुस्त होतं?

होतं. पुराव्यासकट लिहा: डिस्चार्जचा किंवा पेन्शनचा कागद, पदकाचा फोटो, फेरफाराची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर. यादीत नावच नसेल तरीही पाठवता येतं. त्या वेळी मृत्यू सेवेत असताना किंवा सेवेमुळे झाला, आणि वर दिलेल्या तारखांच्या आत झाला, हे दाखवावं लागतं. निकाल यायला महिने लागतात, म्हणून पाठवलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा, आणि त्यावर कुणाला केव्हा पाठवली ते लिहून ठेवा.